एक्स्प्रेशन पार्सिंग संथ होण्याचा वारंवार येणारा बिघाड: लक्षणे, तपासण्या आणि थांबण्याची जागा

कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचा मजकूर यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारे साधन; त्यातील पार्सर हा भाग १ + २ सारखी एक्स्प्रेशने वाचून त्यांची रचना ओळखतो. निरनिराळ्या भाषांच्या कंपायलरांमध्ये हे वाचन संथ होण्याचा हा एकच बिघाड मी अनेकदा दुरुस्त केला आहे, आणि दर वेळी तक्रारीचे स्वरूप जवळपास सारखेच असते. शेकडो फायली झटपट कंपाइल होतात, पण एखादीच फाइल, बहुधा दुसऱ्या प्रोग्रामने तयार केलेली, कंपायलरला अडवून धरते. फाइल उघडून पाहिली तर तिच्यात अवघड असे काही दिसत नाही. हजारो पदांची एक लांबलचक बेरीज असते, खोलवर गुंतलेले कंस असतात किंवा संख्यांचा मोठा तक्ता असतो.

लक्षणे नीट ओळखा

वेळ कशामुळे वाढतो यावरून बिघाडाची जात ओळखता येते, म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी लक्षण लिहून काढावे. कंसाची एक जोडी वाढवली की लागणारा वेळ दुप्पट, तिप्पट किंवा नऊपट होत असेल, तर पार्सर मागे परतून तोच मजकूर पुन्हा वाचत आहे. एक्स्प्रेशनची लांबी दुप्पट केल्यावर वेळ चौपट होत असेल, तर प्रत्येक पदामागे आधीच्या सगळ्या पदांवरून फेरी मारणारे काहीतरी आत दडलेले आहे. प्रत्येक फाइल सारख्याच प्रमाणात संथ असेल आणि लांबी किंवा खोली वाढवून काही विशेष फरक पडत नसेल, तर दोष वाढीच्या दरात नाही. प्रत्येक टोकनामागे (संख्या, नाव किंवा चिन्ह अशा मजकुराच्या एकेका तुकड्यामागे) होणारे ठरावीक काम जास्त आहे.

आणखी दोन लक्षणे सहज नजरेतून सुटतात. पहिले म्हणजे, बरोबर लिहिलेली फाइल वेगाने वाचली जाते, पण तिच्यात एक कंस कमी राहिला की कंपायलर अडकतो. अशा वेळी दोष चुका नोंदवणाऱ्या भागात असतो. दुसरे म्हणजे, पार्सिंग व्यवस्थित पूर्ण होते आणि नंतर, कधीकधी प्रोग्राम संपता संपता, स्टॅक (एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांच्या नोंदींची मर्यादित मेमरी) भरून कंपायलर कोसळतो. हे लक्षण वेगाशी संबंधित वाटत नाही, तरी त्याचे मूळ पुष्कळदा त्याच लांब एक्स्प्रेशनमध्ये असते.

सर्वांत स्वस्त तपासणी: तुम्ही कोणता कंपायलर चालवत आहात?

ज्या कंपायलरचा वेग मोजायचा आहे तो स्वतः ऑप्टिमायझेशनसह बांधलेला आहे का, हे आधी पाहावे. डीबग बांधणीत प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला असणाऱ्या खात्रीच्या तपासण्या, मेमरीच्या चुका पकडणारी साधने आणि पार्सरचा माग छापणारा पर्याय हे सगळे चालू असू शकते. एक्स्प्रेशन पार्सरमधील फंक्शने लहान असतात आणि त्यांना फार वेळा बोलावले जाते, त्यामुळे या जादा कामाचा फटका त्यांना इतर भागांपेक्षा अधिक बसतो आणि प्रोफायलरचे (कुठे किती वेळ जातो ते मोजणाऱ्या साधनाचे) आकडे दिशाभूल करतात. या तपासणीला एक पैसाही लागत नाही, तरीही ती वगळून लोकांनी आठवडाभर व्याकरण (पार्सर ज्या नियमांनी मजकूर वाचतो ते) बदलल्याचे मी पाहिले आहे.

वेळ खरोखर पार्सिंगमध्येच जातो का?

‘हे एक्स्प्रेशन संथ आहे’ आणि ‘या एक्स्प्रेशनचे पार्सिंग संथ आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. स्विफ्टच्या कंपायलरचे उदाहरण प्रसिद्ध आहे. काही एक्स्प्रेशने वाजवी वेळात तपासता येत नाहीत, त्यांचे लहान भाग करा, असा संदेश तो देतो. तिथे टोकने वाचून वृक्ष (एक्स्प्रेशनची रचना दाखवणारी, नोड नावाच्या घटकांची फांद्यांसारखी मांडणी) केव्हाच तयार झालेला असतो. वेळ जातो तो एकाच चिन्हाच्या अनेक व्याख्या आणि संख्यांचे अनेक संभाव्य टाइप (किंमतींचे प्रकार) यांच्या जुळण्या तपासण्यात. असे असेल तर पार्सरमध्ये केलेला कोणताही बदल उपयोगी पडणार नाही.

म्हणून टप्प्यांनुसार वेळ मोजावा. जीसीसी आणि क्लँग या सी भाषेच्या दोन्ही कंपायलरांमध्ये वेळेचा अहवाल छापणारा पर्याय आहे, आणि २०१९ मध्ये आलेल्या क्लँग ९ पासून कालरेषेच्या स्वरूपात तपशील देणारा पर्यायही आहे. मात्र सी आणि सी प्लस प्लस यांच्या कंपायलरांमध्ये एक सावधगिरी घ्यावी लागते. फक्त वाक्यरचना तपासण्याचा जो पर्याय असतो, त्यात नावांचा अर्थ लावणे आणि टाइप तपासणे हेही होते, कारण या भाषांत पार्सिंग आणि अर्थनिश्चिती एकमेकांत गुंतलेल्या आहेत. तो आकडा निव्वळ पार्सिंगचा समजू नये. तुमच्या स्वतःच्या कंपायलरमध्ये असे मोजमाप नसेल, तर टोकने करणे, वृक्ष बांधणे आणि टाइप तपासणे या तीन टप्प्यांभोवती घड्याळ लावायला अर्धा तास पुरतो. पार्सिंगचा वाटा एकूण वेळेत किरकोळ निघाला, तर पुढच्या तपासण्यांची गरज नाही.

वाढीचा दर मोजा

आता स्वतःच्या हाताने तीन प्रकारच्या चाचणी फायली तयार कराव्यात: १ + १ + १ असे सपाट लांबत जाणारे एक्स्प्रेशन, ((((१)))) असे खोल होत जाणारे, आणि - - - १ असे केवळ एकपदी (एकाच पदाला लागणाऱ्या) चिन्हांचे. सपाट फाइल एक हजार, दोन हजार, चार हजार पदांची करावी. खोल फाइल मात्र कंसाची एकेकच जोडी वाढवत न्यावी. लागलेल्या वेळेपेक्षा त्याचे आधीच्या वेळेशी असलेले गुणोत्तर अधिक बोलके असते. दुप्पट लांबीला दुप्पट वेळ हे निरोगी पार्सरचे लक्षण आहे, आणि त्यापेक्षा जास्त काहीही असले तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. भाषेत इतर कंस असतील, म्हणजे फंक्शनला दिलेले घटक, ॲरेचे निर्देशांक किंवा टाइपचे कोनी कंस, तर त्यांच्याही अशाच फायली कराव्यात, कारण प्रत्येक प्रकारचा कंस व्याकरणातील वेगळ्या वाटेने जातो आणि दोष अनेकदा त्यांतील एकाच वाटेवर असतो.

एक मोजणी, जी मी कधीही टाळत नाही

संख्या, नाव, किंवा कंसात घातलेले एक्स्प्रेशन अशा सर्वांत आतल्या घटकाला मी येथे मूळपद म्हणतो. मूळपद वाचणाऱ्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत एक मोजणारा चल वाढवावा आणि कंपाइल संपल्यावर त्याची किंमत छापावी. तयार झालेल्या वृक्षात प्रत्यक्षात किती मूळपदे आहेत तेही मोजावे. कंसांसाठी वृक्षात वेगळा नोड ठेवला जात नसेल, तर कंसांच्या जोड्या त्यात मिळवाव्यात. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की पार्सर प्रत्येक मूळपद सरासरी किती वेळा वाचतो ते कळते.

या गुणोत्तराइतके उपयुक्त निदान मला दुसरे सापडलेले नाही, कारण ते यंत्राच्या वेगावर अवलंबून नसते आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर देते. ते १ असेल तर बॅकट्रॅकिंगचा (मागे परतून पुन्हा वाचण्याचा) संशय सोडून द्यावा आणि टोकने व मेमरी यांच्याकडे वळावे. ते १ पेक्षा थोडे जास्त असेल, तर एखाद्या संदिग्ध रचनेपाशी मर्यादित पुनर्वाचन होत आहे आणि ते बहुधा खपवून घेता येते. ते खोलीबरोबर वाढत असेल, तर व्याकरणातच दोष आहे, आणि बाकीच्या सगळ्या सुधारणा त्यापुढे गौण ठरतात.

गुणोत्तर १ असून वेळ चौपट होत असेल तर

यातील पहिला संशयित ओळ आणि स्तंभ यांची गणना हा असतो. प्रत्येक टोकनासाठी फाइलच्या सुरुवातीपासून ओळी मोजणारे फंक्शन लहान फाइलवर निरुपद्रवी वाटते. पण दहा लाख बाइटच्या फाइलमध्ये दोन लाख टोकने असतील, तर सरासरी पाच लाख बाइट दोन लाख वेळा पाहावे लागतात, म्हणजे सुमारे १०,००० कोटी बाइट. उपाय सोपा आहे. टोकनात फक्त फाइलमधील बाइटचा क्रमांक ठेवावा, प्रत्येक ओळ कुठे सुरू होते याची यादी एकदाच करावी, आणि चूक छापायची वेळ आली तरच त्या यादीत द्विभाजनाने शोध घेऊन ओळ काढावी.

दुसरा संशयित संख्या वाचण्याचा मार्ग. सी भाषेच्या प्रमाणित लायब्ररीतील मजकुरातून ठरावीक नमुन्याने किंमती वाचणारे फंक्शन कित्येक अंमलबजावण्यांमध्ये दर वेळी उरलेल्या संपूर्ण मजकुराची लांबी आधी मोजते. संख्यांच्या मोठ्या तक्त्यात प्रत्येक संख्येसाठी फाइलच्या शेवटापर्यंत फेरी होते. टोकनाची सुरुवात आणि शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो, तेव्हा तेवढाच तुकडा संख्येत बदलणारे फंक्शन वापरावे. टोकन कापल्यावर उरलेल्या मजकुराची नवी प्रत करणे हाही याच जातीचा दोष आहे, आणि जिथे स्ट्रिंगचा तुकडा घेतला की प्रत होते अशा भाषांत लिहिलेल्या पार्सरांमध्ये तो हमखास आढळतो.

तिसरा संशयित वृक्षातच असतो. काही पार्सर नोडची सुरुवात कुठे आहे हे साठवत नाहीत. विचारल्यावर सर्वांत डावीकडच्या पानापर्यंत उतरून काढतात. १०,००० पदांच्या बेरजेचा वृक्ष डावीकडे झुकलेला असतो, आणि प्रत्येक नवा नोड बांधताना सुरुवात विचारली गेली, तर एकूण उतरण्याच्या पायऱ्या सुमारे पाच कोटी होतात. नोड बांधतानाच त्याची सुरुवात त्यात लिहून ठेवली की हा खर्च नाहीसा होतो. एकेरी जोडयादीच्या शेवटी घटक जोडण्यासाठी प्रत्येक वेळी पहिल्या घटकापासून चालत जाणे हा त्याचाच भाऊ आहे. फंक्शनला दिलेल्या घटकांच्या याद्यांमध्ये तो पाहावा.

फसलेल्या प्रयत्नांचा खर्च

बॅकट्रॅकिंग मर्यादित असले तरी प्रत्येक फसलेला प्रयत्न किती महाग पडतो हे तपासण्यासारखे असते. एक पर्याय जमला नाही हे कळवण्यासाठी पार्सर एक्सेप्शन फेकत असेल, तर तो नेहमीच्या मार्गासाठी आणीबाणीची यंत्रणा वापरत आहे. जावामध्ये एक्सेप्शन तयार होताना सर्वसाधारणपणे संपूर्ण स्टॅकची नोंद घेतली जाते, म्हणजे एक्स्प्रेशन जितके खोल, तितका प्रत्येक अपयशाचा खर्च जास्त. अपयश साध्या परतकिंमतीने कळवावे.

त्याचप्रमाणे, जो पर्याय केवळ करून पाहिला जात आहे त्याच्या चुकीचा संदेश शब्दांत मांडू नये. ‘येथे अमुक अपेक्षित होते’ हे वाक्य जुळवायला मेमरी लागते, वेळ लागतो, आणि दुसरा पर्याय यशस्वी झाला की ते टाकूनच द्यायचे असते. सायपायथनच्या (पायथन भाषेच्या मूळ अंमलबजावणीच्या) ३.९ आवृत्तीपासून आलेल्या, पर्याय क्रमाने करून पाहणाऱ्या पेग पार्सरची रीत येथे अनुकरणीय आहे. तो आधी फक्त योग्य रचनांचे नियम चालवतो, आणि पार्सिंग फसले तरच चुका ओळखणाऱ्या खास नियमांसह दुसरी फेरी करतो. निर्दोष प्रोग्रामला चांगल्या चूक-संदेशांची किंमत मोजावी लागत नाही. पण या दुसऱ्या फेरीचीही वाढीच्या दरासाठी चाचणी घ्यावी, कारण तिच्यात जादा पर्याय असतात आणि अर्धवट फाइल हाताळणाऱ्या संपादकात तीच फेरी सतत चालते.

गुणोत्तर खोलीबरोबर वाढत असेल तर

हा या बिघाडाचा गाभा आहे. बेरजेचा नियम पुष्कळजण असा लिहितात: गुणाकार, मग अधिक, मग बेरीज, ते न जमल्यास गुणाकार, मग उणे, मग बेरीज, तेही न जमल्यास नुसता गुणाकार. कागदावर हा नियम बरोबर दिसतो. पण समोर एकटी १ ही संख्या असेल, तर पार्सर गुणाकार वाचतो, पुढे अधिक चिन्ह नाही म्हणून मागे परततो, पुन्हा तोच गुणाकार वाचतो, उणे नाही म्हणून परततो, आणि तिसऱ्यांदा वाचून समाधान मानतो. गुणाकाराचा नियमही गुणिले आणि भागिले यांसाठी असाच तीन पर्यायांचा असेल, तर एकट्या १ चे वाचन ३ × ३ म्हणजे ९ वेळा होते. आता (१) लिहा. कंसाचे मूळपद ९ वेळा वाचले जाते आणि प्रत्येक वेळी आतला १ पुन्हा ९ वेळा, म्हणजे एकूण ८१ वेळा. दोन जोड्यांना ७२९, तीन जोड्यांना ६,५६१, आणि कंसाच्या सहा जोड्यांना ४७,८२,९६९ वेळा तो एकच अंक वाचला जातो. व्याकरणात अग्रक्रमाच्या (कोणते चिन्ह आधी लागू होते त्याच्या) दोनच पातळ्या असताना ही स्थिती आहे; पातळ्या वाढल्या की पाया ९ ऐवजी २७ किंवा ८१ होतो.

उपाय म्हणजे पर्यायांमधील सामाईक सुरुवात बाहेर काढणे. बेरीज म्हणजे एक गुणाकार आणि त्यानंतर शून्य किंवा अधिक वेळा ‘अधिक किंवा उणे, आणि एक गुणाकार’, असा नियम लिहावा. गुणाकार एकदाच वाचला जातो, आणि पुढे चिन्ह आहे की नाही हे केवळ एका टोकनाकडे पाहून ठरते. याचा आणखी एक फायदा होतो, जो वेगापेक्षाही महत्त्वाचा आहे. मूळ नियमात बेरीज उजवीकडे स्वतःलाच बोलावत होती, त्यामुळे १० - ४ - ३ चा वृक्ष १० - (४ - ३) असा बनून उत्तर ९ येण्याचा धोका होता. लूपमध्ये डावीकडून जोडत गेल्यास (१० - ४) - ३, म्हणजे ३ हे योग्य उत्तर मिळते.

व्याकरण एखाद्या साधनाला दिलेले असेल आणि ते बदलणे अवघड असेल, तर नियम आणि स्थान यांच्या जोडीनुसार निकाल लक्षात ठेवण्याचा मार्ग आहे. पॅकरॅट पार्सिंग या नावाने तो २००२ पासून ओळखला जातो आणि घातांकी (पटींनी होणारी) वाढ निश्चितपणे रेषीय (लांबीच्या प्रमाणात) करतो. तरीही मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. प्रत्येक नियमाचा प्रत्येक स्थानावरील निकाल साठवायला मेमरी पुष्कळ लागते, आणि साध्या एक्स्प्रेशनसाठी तक्त्यात शोधण्याचा खर्च पुन्हा वाचण्याच्या खर्चाहून अधिक होऊ शकतो. ज्या मोजक्या नियमांचे पुनर्वाचन मोजणीत दिसते, तेवढ्यांचेच निकाल लक्षात ठेवावेत.

काही पुनर्वाचन भाषेच्या रचनेतूनच येते. उघडणारा कंस दिसल्यावर हे साधे एक्स्प्रेशन आहे की निनावी फंक्शनच्या घटकांची यादी, हे जावास्क्रिप्टमध्ये बंद कंसानंतरचा बाण दिसेपर्यंत कळत नाही. दोन्ही पर्याय पाळीपाळीने वाचून पाहणारा पार्सर अशा फंक्शनांच्या गुंतवळीत पुन्हा घातांकी वाढीला सामोरा जातो. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या एक्मास्क्रिप्ट प्रमाणकात यावर दोन्ही अर्थांना सामावून घेणारा एकच समावेशक नियम दिला आहे. मजकूर एकदाच वाचायचा, आणि बाण दिसला तर तयार झालेल्या वृक्षाचे घटकांच्या यादीत रूपांतर करायचे. हीच युक्ती इतरत्रही लागू पडते आणि माझ्या अनुभवात ती दोनदा वाचण्यापेक्षा नेहमीच सरस ठरली आहे.

अग्रक्रमाची शिडी उतरणे

गुणोत्तर १ आहे, वाढ रेषीय आहे, तरीही एक्स्प्रेशन पार्सिंग प्रोफायलरमध्ये वर दिसते, अशी स्थिती असेल तर ही तपासणी करावी, त्याआधी नाही. सी भाषेत ऑपरेटरांच्या (+, - अशा चिन्हांच्या) अग्रक्रमाच्या सुमारे १५ पातळ्या आहेत, आणि प्रत्येक पातळीला एक फंक्शन अशी रचना असली की १ ही संख्या वाचण्यासाठीही जवळपास तितकी फंक्शने एकमेकांना बोलावत खाली उतरतात आणि परतताना प्रत्येकजण ‘माझे चिन्ह पुढे आहे का’ असे विचारतो. प्रत्यक्ष प्रोग्रामांतील बहुतांश एक्स्प्रेशने एकच नाव किंवा एकच संख्या असतात, त्यामुळे हा खर्च सर्वसाधारण फायलींवरही पडतो.

अग्रक्रमाचा प्रश्न कंपायलरांइतकाच जुना आहे. पहिल्या फोर्ट्रान कंपायलरने तर प्रत्येक चिन्हाभोवती अग्रक्रमानुसार कमीजास्त कंस घालून तो सोडवला होता. १९६१ मध्ये एड्सगर डायक्स्ट्रा यांनी चिन्हांसाठी वेगळा स्टॅक वापरणारी रीत मांडली, आणि १९७३ मध्ये वॉन प्रॅट यांनी प्रत्येक टोकनाला बांधणीची ताकद देणारी रीत मांडली. हाताने लिहिलेल्या पार्सरसाठी मी प्रॅट यांच्या रीतीचे हे साधे रूप वापरतो:

एक्स्प्रेशन_वाच(किमान):
    डावे = मूळपद_वाच()
    जोपर्यंत पुढचे टोकन ऑपरेटर आहे आणि अग्रक्रम(पुढचे) >= किमान:
        ऑप = टोकन_घे()
        जर ऑप उजवीकडून जुळणारा असेल: हद्द = अग्रक्रम(ऑप)
        नाहीतर: हद्द = अग्रक्रम(ऑप) + १
        उजवे = एक्स्प्रेशन_वाच(हद्द)
        डावे = नोड(ऑप, डावे, उजवे)
    डावे परत दे

एकट्या १ साठी येथे मूळपदाचे एक वाचन आणि अग्रक्रमाच्या तक्त्यातील एक नोंद एवढेच काम होते, मग भाषेत पातळ्या ३ असोत वा १५. तक्ता टोकनाच्या प्रकारानुसार थेट निर्देशांकाने वाचता येईल असा ॲरे असावा. येथे चिन्हाच्या स्ट्रिंगची तुलना केली तर कमावलेला बराचसा वेळ पुन्हा गमावला जातो. एकपदी उणे मूळपदाच्या फंक्शनमध्ये वाचावे आणि त्याच्या ऑपरेंडसाठी (ते ज्याला लागते त्या पदासाठी) एक्स्प्रेशन_वाच ला त्या चिन्हाची स्वतःची हद्द द्यावी.

नेमके याच ठिकाणी चुका होतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. पायथनमध्ये -अ ** २ (** म्हणजे घात) चा अर्थ -(अ ** २) असा आहे, तर जावास्क्रिप्टमध्ये तीच रचना वाक्यरचनेची चूक मानली जाते. अ < ब < क हे पायथनमध्ये दोन तुलनांची साखळी आहे, सी मध्ये पहिल्या तुलनेच्या निकालाची क शी तुलना आहे, आणि रस्टमध्ये कंसांशिवाय ते स्वीकारलेच जात नाही. जुन्या शिडीमध्ये हे बारकावे फंक्शनांच्या रचनेत आपोआप सांभाळलेले असतात. तक्त्यात आणताना ते एकेक करून नोंदवावे लागतात, आणि डावीकडून व उजवीकडून या दोन साहचर्यांबरोबर (सारखी चिन्हे कोणत्या बाजूने जोडायची याच्या नियमांबरोबर) ‘साहचर्य नाही’ हा तिसरा पर्यायही लागतो. म्हणून जुना पार्सर लगेच काढून टाकू नये. दोन्ही पार्सरांकडून उपलब्ध असलेल्या सगळ्या फायली वाचून घ्याव्यात, प्रत्येक एक्स्प्रेशन सर्व कंस घालून छापावे आणि दोन्ही छाप्यांची अक्षरशः तुलना करावी. एकही फरक उरला तर बदल स्वीकारू नये. संथ पार्सरचा त्रास दिसतो तरी. चुकीचा वृक्ष बांधणारा वेगवान पार्सर मात्र लोकांची गणिते मुकाट्याने बदलतो.

मेमरीचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो. प्रत्येक नोडसाठी स्वतंत्रपणे मेमरी मागण्याऐवजी मोठे तुकडे घेऊन त्यांत एकामागोमाग नोड मांडावेत आणि शेवटी सगळे एकदम सोडावेत. वृक्षाचे आयुष्य एका कंपाइलपुरते असल्यामुळे ही पद्धत त्याला नेमकी बसते.

खोली आणि कोसळणे

पार्सिंग लूपमध्ये होत असल्याने लांब बेरीज वाचताना स्टॅक वाढत नाही, पण तयार होणारा वृक्ष पदांच्या संख्येइतका खोल असतो. पुढचे टप्पे त्यावर रिकर्शनने (फंक्शनने स्वतःलाच बोलावत) फिरतात आणि तेथे स्टॅक भरतो. रस्टमधील बॉक्स किंवा सी प्लस प्लसमधील युनिक पॉइंटर वापरून बांधलेला वृक्ष तर नष्ट होतानाही रिकर्शन करतो, आणि कंपाइल यशस्वी झाल्यानंतर कोसळण्याचे कारण हेच असते. एकाच साहचर्यशील चिन्हाच्या साखळीसाठी अनेक मुले असलेला एकच नोड ठेवणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे.

कंसांच्या खोलीला मात्र स्पष्ट मर्यादा घालावी. हा कमीपणा नाही. क्लँगमध्ये ही मर्यादा मूलतः २५६ असते, सायपायथनमध्ये २०० आहे, आणि सी च्या १९९९ च्या प्रमाणकाने प्रत्येक कंपायलरकडून एका एक्स्प्रेशनमध्ये कंसांच्या किमान ६३ पातळ्यांची अपेक्षा केली आहे. मर्यादा ओलांडल्यावर ओळ क्रमांकासह समजण्याजोगा संदेश द्यावा.

येथे थांबा आणि तज्ज्ञाला बोलवा

पुनर्वाचन काढून टाकण्यासाठी भाषेतील एखाद्या रचनेचा अर्थ बदलावा लागत असेल, तर तो निर्णय पार्सर दुरुस्त करणाऱ्याचा नाही. सी मध्ये (अ) - ब ही वजाबाकी आहे की टाइपबदल, हे अ हे टाइपचे नाव आहे का यावर ठरते. केवळ टोकने पाहून ते कोणीही सांगू शकत नाही. कोनी कंसांत टाइप लिहिणाऱ्या भाषांतही अशीच अडचण येते, आणि २०२२ मध्ये आलेल्या गो १.१८ मध्ये टाइप-घटकांसाठी चौकोनी कंस निवडण्यामागे ही संदिग्धता टाळणे हे एक कारण होते. असे निर्णय भाषेची रचना सांभाळणाऱ्यांपुढे न्यावेत, सोबत तुमची मोजणी आणि कमीत कमी आकाराची चाचणी फाइल द्यावी.

पार्सर एखाद्या साधनाने तयार केलेल्या तक्त्यांवर चालत असेल आणि तुमच्या व्याकरणबदलानंतर ते साधन नवे संघर्ष (एकाच जागी दोन नियम लागू पडणे) दाखवू लागले, तर ते इशारे दडपण्यासाठी अग्रक्रमाच्या घोषणा अंदाजाने घालू नका. तक्त्यांच्या अवस्था वाचता येणाऱ्या माणसाला बोलवा. जीसीसीने सी प्लस प्लससाठी ३.४ मध्ये आणि गोच्या कंपायलरने १.६ मध्ये साधनाने तयार केलेला पार्सर सोडून हाताने लिहिलेला पार्सर स्वीकारला, पण ते काम मोठे असते आणि ते वेगाच्या एका तक्रारीवरून सुरू करण्याजोगे नाही. अनोळखी लोकांनी पाठवलेला मजकूर तुमचा पार्सर एखाद्या सर्व्हरवर वाचत असेल आणि मोजणीत घातांकी वाढ दिसली असेल, तर तो केवळ संथपणा राहत नाही. कोणीही थोडेसे कंस पाठवून सेवा बंद पाडू शकतो. त्या दिवशी आधी खोलीची आणि वेळेची मर्यादा लावा, सुरक्षेची जबाबदारी असलेल्यांना कळवा, आणि व्याकरणाची दुरुस्ती त्यानंतर हाती घ्या.